दिवाणापासून खोलीपर्यंत

वाचकाचं पत्र :

सप्रेम नमस्कार. आम्ही कोथरूडला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, हे, सासूबाई (वय 81) आणि मुलगा. गेल्या महिन्यात रात्री पावणेतीनच्या सुमारास स्वयंपाकघराच्या बाल्कनीचं दार उचकटून चोर आत शिरला. ह्यांना आधी जाग आली. ह्यांनी मला हलवून उठवलं, सासूबाईंना हॉलमधल्या दिवाणावरून उठवून आत आणलं, बेडरूमची कडी लावली आणि 112 ला फोन केला. आम्ही तिघं अंधारात बसून होतो. स्वयंपाकघरातून डबे काढल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत होते. पोलीस आले तोवर चोर ड्रेनेजच्या पाइपवरून उतरून पसार झाला होता. तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, घरखर्चाचे पैसे गेले.

मुलगा 26 वर्षांचा आहे. त्या रात्री तो हिंजवडीला नाइट शिफ्टला होता. सकाळी आल्या आल्या तो ह्यांना म्हणाला, "तुम्ही तिघं आणि तो एकटा. आणि तुम्ही दार लावून बसलात?" तेव्हापासून ह्यांचं बोलणंच कमी झालंय. टेकडीवर फिरायला जाणंही बंद केलंय, कारण तिथली मंडळी चोरीबद्दल विचारतात. मुलगा उशाशी बॅट घेऊन झोपतो आणि आता त्याने ऑनलाइन चाकू मागवलाय. म्हणतो, रात्री घरात शिरलेल्या चोराला मारलं तर कायदाही काही करत नाही. सासूबाई पाटल्यांची आठवण काढून रडतात, ते ह्यांना जास्तच लागतं. अशा वेळी घरच्यांनी चोराला सामोरं जायचं, की पोलिसांची वाट बघायची? आमचं चुकलं का?

– एक वाचक, कोथरूड

ताई, नमस्कार.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. चोर घरात असेल तर घरातल्या माणसांना एका खोलीत घ्यायचं, कडी लावायची, पोलिसांना फोन करायचा आणि चोराला जाऊ द्यायचं. तुमच्या यजमानांनी झोपेतून उठल्यावर, काही क्षणांत, हेच सगळं केलं, तेही बरोबर क्रमाने. शांतपणे बसून विचार करूनही मला याहून चांगलं काही सुचत नाही.

घरफोडी करणारा माणूस वस्तू न्यायला आलेला असतो. त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात : माल कुठे आहे आणि बाहेर पडायची वाट कुठली. त्या वाटेत उभा राहणारा माणूस हा त्याच्यासाठी तिसरा, अचानक उपटलेला प्रश्न असतो, आणि त्याच्या हातात त्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून असतं. कटावणी. ज्या लोखंडाने त्याने तुमच्या दाराचा कोयंडा उचकटला, तेच लोखंड. तो एकटाच दिसला म्हणून एकटाच असेल असंही नाही. खाली गाडी चालू ठेवून कुणी थांबलेलं असू शकतं, जिन्यात कुणी उभं असू शकतं. तुमच्या मुलाने केलेला "तीन विरुद्ध एक" हा हिशेब सकाळी उजेडात बसून केलेला आहे. रात्री पावणेतीनला त्या तिघांमध्ये 81 वर्षांच्या एक आजी होत्या आणि बाहेर किती जण आहेत, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तुम्हाला माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. माझे मामा नारायण पेठेत एका वाड्यात राहायचे. तेव्हा वाड्यांच्या चौकातून तांब्या-पितळेची भांडी चोरीला जायची. बंब, घंगाळी, हंडे, जे हाताला लागेल ते. एका पहाटे चौकात आवाज झाला म्हणून मामा उठले, तर एक जण आमचं घंगाळ खांद्यावर घेऊन बोळाकडे निघालेला. मामा तेव्हा पस्तिशीच्या आतले, अंगापिंडाने मजबूत. ते धावले आणि बोळाच्या तोंडाशी त्यांनी त्याला गाठलंही. घंगाळ खाली पडलं. त्या माणसाच्या दुसऱ्या हातात छोटी पहार होती, ती मामांना अंधारात दिसली नाही. एकच फटका, उजव्या गुडघ्यावर.

घंगाळ परत मिळालं. आम्ही मुलं शाळेत मामांचा पराक्रम सांगत फिरायचो, मला स्वतःला त्यांचा फार अभिमान वाटायचा. पण मामा खडकीला सायकलने कामावर जायचे, ती सायकल त्या दिवसापासून भिंतीला टेकून राहिली. पुढे वाड्याचा लाकडी जिनाही त्यांना चढवेना, म्हणून अंथरूण खाली ओसरीवर आलं, ते शेवटपर्यंत तिथेच. मामींनी त्या घंगाळात पुन्हा कधी पाणी काढलं नाही. आज ते माझ्याकडे आहे. दिवाळीला चिंच लावून घासताना काठाला पडलेला पोचा हाताला लागतो आणि दर वेळी वाटतं, मामांनी त्या पहाटे माजघराच्या दारातच उभं राहून नुसता आरडाओरडा केला असता तर? सगळा वाडा जागा झाला असता. फार तर घंगाळ गेलं असतं.

आता मुलाच्या बॅटीविषयी आणि चाकूविषयी. चाकू आला असेल तर तो घरातून बाहेर काढा, नसेल आला तर ऑर्डर रद्द करायला सांगा. हे मी अगदी स्पष्टपणे सांगते आहे, कारण या एका बाबतीत मला तुमच्या घराची खरी काळजी वाटते. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला दोन-तीन मिनिटं धड शुद्ध नसते. डोळ्यांवर चष्मा नसतो, पायात चप्पल नसते, हॉलमधला टीपॉय कुठे आहे हेही आठवत नाही. समोरचा मात्र पूर्ण जागा असतो, त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. अशा वेळी चाकू हातात असलेला माणूस जवळ जातो, आणि जवळ गेला की चाकू कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही. दुसरं असं की तुमचा मुलगा नाइट शिफ्ट करतो. म्हणजे अवेळी घरात येणारं माणूस तो स्वतःच आहे. आजी पाणी प्यायला उठतात, तुम्ही पहाटे दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडता. उशाशी शस्त्र घेऊन, कान टवकारून झोपणाऱ्या माणसाच्या घरात या सगळ्यांनी कसं वावरायचं?

कायद्याचं त्याने ऐकलंय ते अर्धं खरं आहे, आणि अर्धवट माहितीवर माणसं तुरुंगात जातात, म्हणून हे जरा नीट लिहिते. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम 34 ते 44 ही स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मालमत्तेचंही रक्षण करता येतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी झालेली घरफोडी कायद्याने इतकी गंभीर मानली आहे की कलम 41 नुसार तिथे हा हक्क, मर्यादा पाळून, हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. तुमचा मुलगा बोलतोय तो बहुधा याच्याबद्दल.

पण त्या मर्यादा कलम 37 मध्ये लिहिलेल्या आहेत. पोलिसांकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला जेवढी आवश्यक तेवढीच इजा, त्यापेक्षा जास्त नाही. अंगावर कटावणी घेऊन धावून आलेल्याला तुम्ही हाताला लागेल ते फेकून मारलंत, तर न्यायालय तुमच्या बाजूने विचार करतं. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक वार सोनाराच्या काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असं आपल्याकडच्या न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. पण पाटल्या टाकून पाइपवरून उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यात वरून कुंडी घातली, किंवा पकडून जिन्याच्या कठड्याला बांधल्यावर सोसायटीतल्या चार जणांनी त्याला बडवलं, तर तो बचाव राहत नाही, तो गुन्हा होतो. चोर हाती लागलाच तर नागरिक त्याला धरून ठेवू शकतात, पण विनाकारण उशीर न करता आणि जास्तीत जास्त 6 तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, आहे. आणि हक्क सिद्ध होईपर्यंतचं काय? चौकशी, जबाब, वकील, तारखा. एवढं सगळं 26 वर्षांच्या मुलाच्या वाट्याला यावं इतक्या मोलाचं तुमच्या स्वयंपाकघरात काय आहे?

सासूबाईंच्या रडण्याबद्दल मला वेगळं वाटतं. त्या 81 वर्षांच्या, म्हणजे 1976-77 साली त्या तिशीच्या आसपासच्या असणार. त्या पुण्यात राहत असतील तर जोशी-अभ्यंकर खुनांचा, घरांत शिरून केलेल्या त्या खुनांच्या मालिकेचा, काळ त्यांनी पाहिलाय. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे, बेल वाजली तरी दार उघडायला लोक घाबरायचे. 1983 साली येरवड्यात चौघांना फाशी झाली, पण त्या पिढीच्या मनात घरात शिरलेल्या माणसाची भीती तशीच राहिली. त्यांना विचारून बघा. पाटल्या हा रडायला सापडलेला शब्द असेल. मनात कदाचित ते अंधारात बसणं आहे, बाहेर पडणाऱ्या झाकणांचे आवाज आहेत. त्या रडतात तेव्हा यजमानांना वाटतं की आई आपल्याला बोल लावते आहे. पण तुमच्या पत्रात आईंनी मुलाला एक शब्दही बोलल्याचं कुठे दिसत नाही.

त्या प्रकरणाची आठवण काढण्याचं आणखी एक कारण आहे. घरात माणसं आहेत हे माहीत असून दार वाजवून येणारा आणि सगळे झोपलेत किंवा घर बंद आहे असं समजून मागच्या बाल्कनीतून येणारा, हे दोन वेगळे प्रकार आहेत. दुसऱ्याला माणसाशी गाठ नको असते. घर जागं झालं हे कळलं तर तो बहुतेक वेळा निघून जातो. म्हणून कडी लावून झाल्यावर गप्प बसायची गरज नाही. आतून दिवा लावायचा, मोठ्याने ओरडायचं, "पोलिसांना फोन केलाय!" खिडकी रस्त्याकडे असेल तर शेजाऱ्यांना हाका मारायच्या. तुमच्यात आणि त्याच्यात बंद दार असताना केलेला आवाज त्याला पळवून लावतो. दार उघडं असताना समोर जाऊन केलेला तोच आवाज त्याला बिथरवतो.

अपवाद आहेतच. जाग आली आणि चोर त्याच खोलीत, कपाटाशी उभा असेल, तर डोळे मिटून पडून राहावं. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका हेच सांगायच्या आणि ते योग्य आहे. आणि तो अंगावरच आला, पळायला जागाच नाही, किंवा घरातल्या कुणावर हात टाकला, तर मग मागेपुढे बघू नये. उशी, तांब्या, नखं, दात, जे असेल त्याने जिवाच्या आकांताने लढावं आणि सुटता आलं की लगेच सुटावं. दुसऱ्या खोलीत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर आधी त्याच्याकडे जावं. चोराकडे जायचं नाही, आपल्या माणसाकडे जायचं.

आता घर थोडं आवरून घ्या. पुष्कळ घरांत मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो, तो उशाशी आणा. बेडरूमच्या दाराला आतून भक्कम कडी आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या फ्लॅटमध्ये नुसती चिमणी, म्हणजे लहानशी खिटी, असते, ती धक्क्याने निघते. पत्ता एका कागदावर लिहून पलंगाच्या कडेला चिकटवा : सोसायटीचं नाव, विंग, मजला, जवळचा चौक, ओळखीची खूण, गाडी कुठल्या गेटने येईल ते. हे बालिश वाटेल, पण कोथरूडमध्ये एकाच नावाच्या दोन-तीन सोसायट्या सहज निघतात आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही. 112 ला फोन लागला की पहिल्या वाक्यात पत्ता सांगा, फोन कटला तरी तेवढं पोचलेलं असेल. मग घरात किती माणसं आहेत आणि चोर अजून आत आहे का ते. वॉचमनचा आणि समोरच्या फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांचा नंबरही हाताशी ठेवा.

बाल्कनीला ग्रिल बसवा, स्वयंपाकघराच्या दाराला आडणा लावा आणि ड्रेनेजच्या पाइपांना काटेरी कडं घालण्याचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा. हे सगळं चाकूच्या किमतीपेक्षा महाग पडेल. तरी करा.

पाटल्यांबद्दल. एफआयआरची प्रत तुमच्याकडे आहे ना? ती फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते, तो तुमचा हक्क आहे. नुसत्या तक्रार अर्जावर शिक्का मारून घरी आला असाल तर परत जाऊन एफआयआर झाल्याची खात्री करा. पाटल्यांची जुनी पावती, लग्नातला, मुंजीतला एखादा फोटो, ज्यात त्या आईंच्या हातात दिसतात, असं काही असेल तर तपास अधिकाऱ्यांना द्या. सोनं वितळवलं गेलं तर ते परत मिळणं अवघड, हे खोटी आशा न लावता सांगते. पण घरफोडीतले आरोपी पकडले गेले की मुद्देमाल हाती लागतो, आणि न्यायालयाच्या परवानगीने तो मालकाला परत दिला जातो, असंही घडतं. घराचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. राहिलेले दागिने मात्र आता तांदळाच्या डब्यात नकोत. चोरही कुणाच्या तरी घरात वाढलेला असतो, बायका कुठे काय ठेवतात ते त्याला माहीत असतं.

यजमानांशी काय बोलायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच आहे. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, "सासूबाईंना हॉलमधल्या दिवाणावरून उठवून आत आणलं". माझी नजर तिथेच अडकून राहिली. तुम्ही दोघं बेडरूममध्ये होता. कडी तेव्हाच लावता आली असती. चोर स्वयंपाकघरात होता आणि हॉल स्वयंपाकघराला लागून असतो. म्हणजे तुमचे यजमान, 81 वर्षांच्या आईला आणायला, हातात काहीही नसताना, चोराच्या दिशेने चालत गेले. झोपेतल्या म्हाताऱ्या माणसाला अंधारात उठवायला वेळ लागतो. "काय रे, काय झालं?" असं त्या मोठ्याने म्हणाल्या असत्या तर? त्यांचा पाय कशाला अडखळला असता तर? हे सगळं त्यांनी त्या वेळी जाणलं असणारच, आणि तरी ते गेले. पाटल्या दहा पावलांवर होत्या, त्या त्यांनी सोडून दिल्या आणि आईला आणलं.

त्या घरात त्या रात्री एकच माणूस चोराला सामोरा गेला. तुमच्या मुलाला ते दिसलं नाही, कारण तो तिथे नव्हता. आणि मला वाटतं, त्याचा खरा राग तिथेच आहे. आपण हिंजवडीत स्क्रीनसमोर बसलो होतो आणि घरी आजी अंधारात थरथरत होती, हे त्याला सहन होत नसणार. तो राग स्वतःवरचा आहे, पडतोय वडिलांवर. म्हणून त्याला रागावू नका. बॅट उशाशी घेऊन झोपणाऱ्या मुलाला घराची राखण करायची आहे, एवढं त्यातून घ्या आणि राखणीचं खरं काम त्याच्याकडे सोपवा. ग्रिलवाल्याला बोलावणं, पत्त्याचा कागद, कडी बदलणं, शिफ्टवरून येताना जिन्यातूनच आईला फोन करणं. रात्री काही झालं तर आजीकडे कोण जाणार, फोन कोण करणार, हे चौघांनी एकदा जेवताना ठरवून टाका. आणि दिवाण हॉलमधून हलवता आला तर हलवा, आजींना आतल्या खोलीत घ्या.

यजमानांना टेकडीवर जायला सांगू नका, ते आपले आपण जातील. त्याआधी एका रात्री, मुलाला सुट्टी असेल तेव्हा, घरातले सगळे दिवे बंद करा. त्याला चष्मा असेल तर काढून ठेवायला सांगा. बेडरूमच्या दारापासून दिवाणापर्यंत जायचं, आजींना हळू आवाजात उठवायचं, त्यांचा हात धरून परत यायचं आणि कडी लावायची. स्वयंपाकघरात तुम्ही उभ्या राहा आणि मधेच डब्याचं एखादं झाकण खाली पाडा. परत आल्यावर त्याला विचारा, किती पावलं झाली.